विश्लेषण : देशात नास्तिक फक्त ३३ हजार? नास्तिक कोणाला म्हणायचे आणि कायदा त्यांना काय म्हणतो?

लांबलेल्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरला आहे. या वेळी सगळी चर्चा जातीच्या नोंदीभोवती फिरते आहे. मात्र त्याच तक्त्यात धर्माचाही रकाना असतो आणि देव न मानणाऱ्यांची पंचाईत तिथेच सुरू होते. २०११ च्या जनगणनेत १२१ कोटी लोकसंख्येच्या या देशात स्वतःची नोंद ‘नास्तिक’ अशी करणारे निघाले अवघे ३३ हजारांच्या घरात. एखाद्या तालुक्याच्या गावातही याहून अधिक लोक राहतात. चार्वाकापासून भगतसिंगांपर्यंतची परंपरा सांगणाऱ्या देशात नास्तिक खरेच इतके थोडे आहेत, की ते मोजण्याची पद्धतच वेगळे काही मोजते?

३३ हजार हा आकडा आला कुठून?

जनगणनेत हिंदू, मुस्लीम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि जैन या सहा धर्मांना स्वतंत्र सांकेतिक क्रमांक असतो. बाकी सगळे ‘इतर धर्म आणि पंथ’ या एका गठ्ठ्यात जातात. २०११ मध्ये या गठ्ठ्यात सुमारे ७९ लाख लोक होते. त्यांत सर्वांत मोठा वाटा सरना या आदिवासी श्रद्धापरंपरेचा होता. याच यादीत, सरना, गोंड अशा नावांच्या रांगेत, ‘नास्तिक’ अशीही एक नोंद आहे. म्हणजे कोणताच धर्म न मानणारा माणूस सरकारी हिशेबात ‘इतर धर्मां’पैकी एक ठरला. या नोंदींपैकी निम्म्याहून अधिक महाराष्ट्र आणि मेघालय या दोनच राज्यांतल्या. महाराष्ट्रातील संख्या साडेनऊ हजारांहून थोडी अधिक, म्हणजे देशात पहिल्या क्रमांकाची.

याशिवाय ‘धर्म सांगितला नाही’ असा आणखी एक गट आहे. त्यात २८ लाखांहून अधिक लोक होते. यांत नास्तिक किती, धर्म सांगायचाच नाही असे ठरवलेले किती आणि ज्यांचा रकाना नुसताच कोरा राहिला ते किती, याची फोड या आकड्यातून होत नाही. शिवाय प्रगणक दारात येतो तेव्हा घरातली एक व्यक्ती सगळ्यांच्या वतीने उत्तरे देते. मुलगा कॉलेजात बसून देव नाही म्हणत असला, तरी आई ‘हिंदू’ सांगून मोकळी होते आणि तो आकड्यातून बाद होतो.

सर्वेक्षणांतून वेगळेच चित्र दिसते. अमेरिकेतील ‘प्यू रिसर्च सेंटर’ने २०१९-२० मध्ये सुमारे ३० हजार भारतीयांशी बोलून केलेल्या पाहणीत ९७ टक्के लोकांनी देवावर विश्वास असल्याचे सांगितले. उरलेले तीन टक्के सगळे नास्तिक नसतील, पण ती संख्या हजारांत नाही, कोटींत जाते. त्याच पाहणीतली आणखी एक बाब अधिक बोलकी आहे : देशातील बौद्धांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी देवावर विश्वास नसल्याचे सांगितले. हे लोक जनगणनेत अर्थातच बौद्ध म्हणून नोंदले जातात. २०११ मध्ये देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात होते. तेव्हा देव न मानणाऱ्यांचा सर्वांत मोठा समूह ‘नास्तिक’ या नोंदीत शोधायचाच नसतो.

‘नास्तिक’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘देव न मानणारा’ असा आहे का?

नाही, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. पाणिनीच्या व्याकरणात ‘आस्तिक’ आणि ‘नास्तिक’ हे शब्द ‘आहे’ आणि ‘नाही’ असे मत असणाऱ्यांसाठी सिद्ध केले आहेत. काय आहे किंवा काय नाही, हे सूत्रात सांगितलेले नाही. टीकाकारांनी तिथे ‘परलोक’ हा शब्द घातला. मनुस्मृतीत वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक म्हटले आहे. पुढे दर्शनांची विभागणी याच कसोटीवर झाली. वेदांचे प्रामाण्य मानतो तो आस्तिक, न मानतो तो नास्तिक.

या कसोटीचे परिणाम आजच्या वाचकाला चक्रावून टाकतील. पूर्वमीमांसा हे वेदांचे सर्वांत कडवे समर्थन करणारे दर्शन. कुमारिल भट्टासारखा त्याचा मोठा आचार्य जग निर्माण करणारा ईश्वर आहे हे मत खोडून काढतो. वेद नित्य आहेत, ते कोणी रचलेले नाहीत, मग रचणारा हवा कशाला, असा त्याचा रोख. प्राचीन सांख्य विचारातही जगाच्या उत्पत्तीसाठी ईश्वराची गरज लागत नाही. तरीही हे दोघे ‘आस्तिक’. याउलट जैन आणि बौद्ध हे कर्म आणि पुनर्जन्म मानणारे, कठोर आचारधर्म पाळणारे, पण वेद न मानणारे, म्हणून ‘नास्तिक’. जुन्या अर्थाने पाहिले तर देव नाकारूनही आस्तिक राहता येत होते. वेद नाकारून मात्र नाही. थोडक्यात, हा शब्द श्रद्धेपेक्षा अधिकाराविषयी होता : कोणाचा शब्द अखेरचा मानायचा?

‘देव न मानणारा’ हा आज रूढ असलेला अर्थ नंतर पक्का झाला. तोच घेऊन इंग्रजीतल्या ‘एथिस्ट’साठी ‘नास्तिक’ हा प्रतिशब्द वापरला जाऊ लागला आणि दोन वेगळ्या परंपरांची सरमिसळ झाली.

चार्वाक खरोखर ‘कर्ज काढून तूप प्या’ म्हणाले होते का?

वेद, परलोक, आत्मा आणि ईश्वर हे सगळे एकदम नाकारणारे दर्शन म्हणजे चार्वाक किंवा लोकायत. त्याही आधी, बुद्धाच्या काळात, अजित केशकंबली नावाचा विचारवंत माणूस चार महाभूतांचा बनलेला आहे आणि मेल्यानंतर काही उरत नाही, असे मांडत होता, अशी नोंद बौद्ध ग्रंथांत आहे. अडचण अशी की या परंपरेचे मूळ ग्रंथ आज नाहीत. चार्वाकांविषयी जे कळते ते बहुतांशी त्यांच्या विरोधकांकडून. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रह’ या ग्रंथाचे पहिले प्रकरण चार्वाकांवर आहे. पहिले अशासाठी की पुढच्या दर्शनांनी त्याचे खंडन करत चढत्या क्रमाने वर जायचे. कर्ज काढून तूप पिण्याचे ते गाजलेले वचन याच ग्रंथामुळे घरोघरी पोहोचले. त्याआधीच्या काही ग्रंथांत हेच वचन येते, पण त्यात ना कर्ज आहे, ना तूप. जिवंत आहोत तोवर सुखाने जगावे, मृत्यूच्या पलीकडे कोणी जात नाही, एवढाच आशय आहे. तूप नंतर ओतले गेले असावे, असे मानायला जागा आहे.

चार्वाकांचा खरा मुद्दा खाण्यापिण्याचा नव्हताच. ज्ञान खरे आहे हे ठरवायचे कसे, हा होता. प्रत्यक्ष जे दिसते, अनुभवाला येते ते प्रमाण. ग्रंथात लिहिले आहे म्हणून ते खरे नाही. या वळणाचा एकच मोठा ग्रंथ हाती लागला आहे, तो म्हणजे जयराशी भट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’. त्याचे हस्तलिखित गुजरातेतील पाटणच्या जैन ग्रंथभांडारात सापडले आणि १९४० मध्ये बडोद्याहून तो छापला गेला. सगळ्या दर्शनांवर तुटून पडणारा हा ग्रंथ जैनांनी शतकानुशतके जपून ठेवला, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मराठीत चार्वाकांना न्याय देण्याचा प्रयत्न अनेकांनी केला. डॉ. आ. ह. साळुंखे यांच्या पुस्तकाचे नावच ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’. जे खरोखर आहे ते ‘आहे’ म्हणणारा तोच खरा आस्तिक, असा तो उलटा डाव आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत वेदशास्त्रांचे अध्ययन केले आणि नंतर ‘जडवाद’ नावाचे पुस्तक लिहिले.

युरोपात नास्तिकतेचा उगम कसा झाला?

तिथेही हा शब्द आधी शिवी म्हणूनच वापरला गेला. ग्रीक भाषेतील ‘एथिऑस’ म्हणजे देवाविना असलेला. इसवी सनपूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर जे आरोप झाले, त्यांत नगराचे देव मानत नसल्याचा आरोप होता. त्याहून गमतीचा प्रकार पुढे रोमन साम्राज्यात घडला. रोमन देवतांना नैवेद्य दाखवायला नकार देणाऱ्या सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना ‘नास्तिक’ ठरवण्यात आले. ज्यांनी पुढे हजार-दीड हजार वर्षे इतरांवर हाच शिक्का मारला, त्यांच्यावर तो आधी बसला होता.

स्वतःहून, छातीठोकपणे ‘देव नाही’ म्हणणारे लेखन युरोपात अठराव्या शतकात दिसू लागले. फ्रान्समधील जाँ मेलिए हा आयुष्यभर गावच्या चर्चमध्ये पाद्री म्हणून राबला. १७२९ मध्ये तो गेल्यावर त्याच्या मागे सापडलेल्या हस्तलिखितात त्याने सगळाच धर्म खोटा ठरवला होता. १७७० मध्ये बॅरन डॉलबाकचा निसर्गाच्या व्यवस्थेवरील ग्रंथ आला, तोही दुसऱ्याच्या नावावर. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये शब्दांची नवी टाकसाळच उघडली. जॉर्ज होलिओक यांनी १८५१ मध्ये ‘सेक्युलॅरिझम’ आणि थॉमस हक्सले यांनी १८६९ मध्ये ‘अ‍ॅग्नॉस्टिक’, म्हणजे अज्ञेयवादी, हे शब्द घडवले. देव नाही असे ठामपणे म्हणतो तो नास्तिक. देव आहे की नाही हे कळण्याचा मार्गच नाही असे म्हणतो तो अज्ञेयवादी.

चार्ल्स ब्रॅडलॉ यांचा भारताशी काय संबंध?

नास्तिकाला कायद्यात जागा मिळवून देण्याचा लढा ज्यांच्या नावावर आहे, ते ब्रॅडलॉ १८८० मध्ये नॉर्दॅम्प्टनमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आले. देवाच्या नावाने शपथ घेण्याऐवजी नुसते प्रतिज्ञापूर्वक सांगू द्या, ही त्यांची मागणी फेटाळली गेली. मग शपथ घेतो म्हणाले, तर नास्तिकाच्या शपथेला अर्थ काय, असा आक्षेप आला! मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले. प्रत्यक्ष जागेवर बसायला १८८६ उजाडले. दोन वर्षांनी शपथेला पर्याय देणारा कायदा झाला. हेच ब्रॅडलॉ डिसेंबर १८८९ मध्ये काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाला आले होते. १८९१ मध्ये त्यांच्या अंत्ययात्रेला लंडनमधले भारतीय गेले, त्यांत बॅरिस्टरीचे शिक्षण घेणारे मोहनदास गांधीही होते. आज भारतात आमदार-खासदार ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ यांपैकी एक निवडतात. त्या दुसऱ्या पर्यायाची मुळे या लढ्यात आहेत.

सगळे नास्तिक एकाच विचाराचे असतात का?

नास्तिक म्हणजे डावा, असे समीकरण सर्रास मांडले जाते. ते वस्तुस्थितीला धरून नाही. भगतसिंगांनी १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात ‘मी नास्तिक का आहे’ हा निबंध लिहिला; ते समाजवादी क्रांतिकारक होते. हिंदुत्वाची मांडणी करणारे वि. दा. सावरकर गाईला देवता मानण्यास विरोध करत होते आणि आपल्या मृत्यूनंतर धार्मिक विधी नकोत, विद्युतदाहिनीत दहन व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. पेरियार ई. व्ही. रामसामी यांच्यासाठी देव नाकारणे हा जातिव्यवस्था मोडण्याचा भाग होता. या तिघांना एका खोलीत बसवले असते तर देव सोडून बाकी प्रत्येक गोष्टीवर भांडण झाले असते.

आंध्र प्रदेशातील गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, यांची गोष्ट आणखी वेगळी. १९४० मध्ये त्यांनी नास्तिक केंद्र स्थापन केले. पुढे ते विजयवाड्याला हलवले. हे गृहस्थ अस्पृश्यता निवारणाच्या कामामुळे गांधीजींच्या जवळ आले. आपल्या थोरल्या मुलीचा विवाह दलित तरुणाशी करण्याचे त्यांनी ठरवले, तेव्हा तो सेवाग्राम आश्रमात लावण्याची गांधीजींची तयारी होती. प्रश्न विधीचा होता, कारण त्यात ईश्वराचे नाव येत होते. गांधीजींनी तिथे सत्याचे नाव घेण्यास मान्यता दिली. विवाहाआधीच गांधीजींची हत्या झाली. ठरल्याप्रमाणे १९४८ मध्येच वर्ध्याजवळच्या त्या आश्रमात हे लग्न लागले.

महाराष्ट्रात या विचाराची किंमत कोणी मोजली?

गोपाळ गणेश आगरकर काटेकोर अर्थाने अज्ञेयवादी. ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला आणि पुण्यातल्या सनातन्यांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे यांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापायी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. डॉ. श्रीराम लागू यांनी देवाला आता निवृत्त करा, असे जाहीरपणे म्हटले, तेव्हा रंगभूमीवर त्यांना डोक्यावर घेणारे अनेक प्रेक्षकही दुखावले.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा उल्लेख इथे जरा जपून करायला हवा. ते स्वतः देव मानत नसले तरी १९८९ मध्ये त्यांनी उभी केलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती ही नास्तिकांची संघटना नाही. देवाधर्माला विरोध नाही, देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, ही समितीची भूमिका ते सभांमधून सतत मांडत. तरीही विरोधकांनी त्यांच्यावर ‘धर्मद्रोही’ हाच शिक्का मारला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. जादूटोणाविरोधी कायद्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला. मे २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली. दाभोलकरांना मारणाऱ्यांनी श्रद्धा, अंधश्रद्धा आणि नास्तिकता यांतला फरक विचारात घेतला नव्हता. प्राचीन काळी ‘नास्तिक’ शब्द जसा वापरला गेला, तशीच ही रीत.

हा धोका एका धर्मापुरता नाही. मार्च २०१७ मध्ये कोइमतूर इथे मुस्लीम कुटुंबात जन्मलेल्या एका तरुणाचा नास्तिक विचार मांडल्याबद्दल खून झाला. बांगलादेशात २०१५ मध्ये लेखक अविजित रॉय यांना ढाक्यातील पुस्तक मेळ्याबाहेर ठार करण्यात आले. सौदी अरेबियाने तर २०१४ मध्ये नास्तिक विचाराचा प्रसार दहशतवादाच्या व्याख्येतच बसवला.

भारताची राज्यघटना नास्तिकांना संरक्षण देते का?

देते. अनुच्छेद २५ मध्ये धर्माच्या आधी ‘सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य’ हे शब्द आले आहेत. घटना समितीत १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी, अशी दुरुस्ती मांडली. मतदान घेऊ नका, अशी विनंती अनेकांनी केली, तरी ते झाले. बाजूने ४१ आणि विरोधात ६८ मते पडली. विरोध करणाऱ्यांत श्रद्धाळू मंडळीही होती. कोणावरही देव लादू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

याच धाग्याने मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये महत्त्वाचा निकाल दिला. ‘आमचा कोणताही धर्म नाही’ अशी नोंद राजपत्रात करण्यास शासकीय मुद्रणालयाने नकार दिला होता. कोणताही धर्म न मानण्याचा हक्क अनुच्छेद २५ मध्येच येतो आणि धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकार कोणावर करू शकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. गंमत म्हणजे याचिकाकर्ते नास्तिक नव्हते. ते येशूला मानणारे, पण ख्रिस्ती धर्मासह कोणताही धर्म न मानणारे होते.

मग अडते कुठे?

लग्न आणि वारसा इथे. हिंदू विवाह कायदा आणि हिंदू वारसा कायदा कोणाला लागू होतो, हे देवावरच्या विश्वासावर ठरत नाही. आईवडील हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर मूल कायद्याच्या दृष्टीने त्यात येते, मग मोठेपणी त्याने देव मानो वा न मानो. दुसरा धर्म स्वीकारून या चौकटीबाहेर पडता येते. धर्म नुसता सोडून मात्र नाही.

ब्रिटिश काळात प्रकार उलटा होता. ब्राह्मो समाजाच्या मागणीतून १८७२ मध्ये आलेल्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे, तर आपण हिंदू, मुस्लीम, ख्रिस्ती, पारशी, ज्यू यांपैकी कोणत्याही धर्माचे नाही, असे दोघांना लिहून द्यावे लागे. लग्नासाठी अनेक श्रद्धाळूंनी खोटे लिहून दिले. १९५४ च्या कायद्याने ही अट काढली. आता नोंदणी पद्धतीने लग्न करताना धर्म सोडावा लागत नाही. या कायद्याखालील जोडप्याला भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो, पण १९७६ च्या दुरुस्तीनुसार दोघेही हिंदू, बौद्ध, शीख वा जैन असतील तर वारशापुरते ते पुन्हा हिंदू वारसा कायद्यातच. दोघेही पक्के नास्तिक असले तरी जन्माचा धर्म वारशाच्या वेळी हजर होतो. तमिळनाडूने पेरियारांच्या चळवळीतील पुरोहिताविना होणाऱ्या ‘स्वाभिमान विवाहां’ना १९६७ मध्ये कायदेशीर मान्यता दिली, तीही हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करूनच.

अनुसूचित जातींच्या बाबतीत पेच आणखी टोकदार आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांच्याहून वेगळा धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. ‘वेगळा धर्म’ असे शब्द आहेत. कोणताच धर्म न मानणाऱ्याविषयी आदेशात वाक्य नाही. ज्याची शिष्यवृत्ती किंवा नोकरी या दाखल्यावर अवलंबून आहे, त्याने रकान्यात ‘निरंक’ लिहिण्याचे धाडस का करावे? तमिळनाडूत २०१९ मध्ये एका महिला वकिलाने ‘जात नाही, धर्म नाही’ असा दाखला मिळवला, त्याची देशभर बातमी झाली. ती बातमी होण्याइतकी दुर्मीळ गोष्ट होती.

जगात काय स्थिती आहे?

‘प्यू’च्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगातील सुमारे २४ टक्के, म्हणजे १९० कोटी लोक कोणत्याही धर्माशी जोडलेले नव्हते. यांत सर्वाधिक चीनमधले. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत ३७ टक्के लोकांनी ‘धर्म नाही’ यावर खूण केली. तिथे हा पर्याय छापलेला असतो आणि प्रश्नाचे उत्तर देणे ऐच्छिक असते. अर्थात हे सगळे नास्तिक नव्हेत. चर्चमध्ये न जाणारे, पण कुठल्या तरी शक्तीवर विश्वास असणारे त्यांत पुष्कळ आहेत.

सर्वोच्च न्यायालयात कोणता प्रश्न आहे?

केरळमधील मुस्लीम कुटुंबात जन्मलेल्या, पण आता श्रद्धा न उरलेल्या एका महिलेने याचिका केली आहे. मुस्लीम वैयक्तिक कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही आणि एकुलत्या एक मुलीच्या वाट्याला निम्मीच येते. आपण धर्म मानत नाही, तर आपल्या मुलीचा वाटा धर्माच्या कायद्याने का ठरावा, आपल्याला भारतीय उत्तराधिकार कायदा लागू करावा, अशी तिची मागणी आहे. न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये त्यावर केंद्र आणि केरळ सरकारला नोटीस बजावली. धर्म सोडणाऱ्याला कुठला कायदा लागू होतो, याचे उत्तर तिला हवे आहे. हा प्रश्न फक्त मुस्लीम कायद्यापुरता नाही. आईवडिलांच्या धर्मावरून ज्यांचा वारसा ठरतो, त्या सर्वच नास्तिकांना तो लागू आहे.